हद्द कुणाची?

गेल्या वर्षी मार्गशीर्षातली गोष्ट. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बायपासजवळच्या एका गार्डनमध्ये नात्यातलं लग्न होतं. रात्री दहाच्या सुमारास आम्ही निघालो. मी गाडी काढायला गेलो आणि आई-बाबा गेटबाहेर रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मोटरसायकलवरून दोन मुलं आली, मागच्यानं हात घातला आणि आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढून नेलं. मी गाडी घेऊन आलो तेव्हा आई मान धरून उभी होती. मानेवर लाल वळ उठला होता. ती रडत नव्हती, नुसती "अरे, गेलं रे" एवढंच म्हणत होती.

बाबांचं पहिलं वाक्य होतं, "चल घरी. ठाण्यात-बिण्यात जायचं नाही."

हे मला लागलं, कारण बाबा पोलिसाचे चिरंजीव. माझे आजोबा होळकर संस्थानच्या पोलिसात शिपाई म्हणून लागले आणि मध्यप्रदेश पोलिसातून हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाले. ज्या घरानं पस्तीस वर्षं पोलिसाच्या पगारावर चूल पेटवली, त्या घरातला माणूस ठाण्याची पायरी चढायला नको म्हणत होता.

मी ऐकलं नाही. आम्ही तिघं जवळच्या ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी पत्ता विचारला आणि म्हणाले, "ये रोड हमारी हद में नहीं आता." दुसऱ्या ठाण्यात गेलो. तिथे कळलं की रस्त्याची गार्डनकडची बाजू पहिल्या ठाण्याची आहे. मग थोडं समजावून, "माताजी, एक आवेदन दे दो, दिखवा लेते हैं." आवेदन म्हणजे साधा अर्ज, एफआयआर नव्हे. रात्री दीड वाजता आम्ही कृष्णपुऱ्यात घरी पोचलो, हातात काहीच नव्हतं. बाबा एवढंच म्हणाले, "सांगितलं होतं."

त्या रात्री मला झोप आली नाही. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. एखादी प्रणाली सारखी एकाच जागी अडत असेल तर आम्ही आधी बघतो, ती मुळात कुणी, कधी आणि कशासाठी लिहिली होती. तसंच करायचं ठरवलं. पुढचे काही महिने पोलीस नावाच्या प्रणालीचा जुना कोड वाचत बसलो. त्यात जे सापडलं ते आपल्या अंकासाठी लिहितो आहे.

माग आणि शीव

आपल्याकडे 'पोलीस' हा शब्द यायच्या कितीतरी आधीपासून राखण होती. मराठी मुलखात गावाच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची. त्याच्या हाताखाली राखणदार असत. बहुतेक गावांत हे काम महारांकडे, खानदेशात जागल्याकडे, पुण्या-साताऱ्याकडे रामोशांकडे असे. आमच्या माळव्यात हे काम बलाई करत. चोरी झाली की राखणदार पावलांचा माग काढत निघे. माग शेजारच्या गावाच्या शिवेपाशी पोचला की त्या गावच्या राखणदाराला बोलावून तो त्याच्या हवाली करायचा. आता पुढचा शोध त्या गावाचा. त्यांना माग पुढे नेता आला नाही, तर चोरीची भरपाई त्यांच्यावर येई. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननं १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचं वर्णन आहे.

हे वाचताना मी थांबलो. शीव तेव्हाही होती, पण तिथे काम संपत नसे. पहिलं गाव दुसऱ्याच्या हाती माग देत नाही तोवर मोकळं होत नसे. आमच्या बाबतीत दोन ठाण्यांच्या मधल्या रस्त्यावर माग तसाच पडून राहिला.

अर्थात या पद्धतीला फार गोंजारण्यात अर्थ नाही. गावाची राखण करणाऱ्याला गावात पाणवठ्यावर जागा नव्हती. चोर सापडला नाही तर भरपाईचा भार बहुधा दुबळ्यावर पडे. तरीही एक गोष्ट खरी. राखणदाराला जाब विचारणारी माणसं त्याच्या गावातली, रोज समोर दिसणारी होती.

इंदूरकरांना याच काळातली अहिल्याबाईंची गोष्ट ठाऊक असते. डोंगरातले भील वाटसरूंना लुटत. अहिल्याबाईंनी आधी कडक उपाय करून पाहिले. मग त्यांच्या डोंगरातून जाणाऱ्या मालावर ठरावीक कर घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला आणि त्याबदल्यात रस्त्याच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. या कराला भिलकवडी म्हणत. जॉन माल्कमनं मध्य हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात हे नोंदवलं आहे. लुटणाऱ्यालाच राखणदार करण्याचा हा तोडगा पुढे इंग्रजांनीही वापरला. १८२५ मध्ये खानदेशात जेम्स औट्रमनं भिल्ल पलटण उभी केली ती याच धर्तीवर.

कोतवालाची चावडी

गावात पाटील, तसा शहरात कोतवाल. हे पद मोगलाईतून आलं आणि मराठी राज्यांनी ते चालू ठेवलं. आमच्या इंदुरात आजही सेंट्रल कोतवाली नावाचं ठाणं आहे. (आम्ही त्या रात्री गेलो ते हे नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.)

कोतवालाचं काम आजच्या पोलिसापेक्षा खूप पसरट होतं. चोर पकडणं, रात्रीची गस्त, बाजारातली वजनंमापं आणि भाव, शहरात आल्या-गेल्याची नोंद, किरकोळ तंट्यांचा निवाडा, असं सगळं त्याच्याकडे. पुण्यात रात्री तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडणाऱ्याला चावडीवर बसवून ठेवत. पकडणाराही तोच आणि शिक्षा देणाराही बऱ्याचदा तोच.

यातला धोका घाशीराम कोतवालानं दाखवून दिला. १७७७ पासून चौदा वर्षं तो पुण्याचा कोतवाल होता, नाना फडणवीसांचा विश्वासातला माणूस. १७९१ च्या ऑगस्टअखेर त्याच्या हुकमानं काही तेलंगी ब्राह्मणांना एका कोंदट जागी डांबलं आणि त्यातले बरेच जण गुदमरून मेले. मग लोक रस्त्यावर उतरले आणि शेवटी घाशीरामाला दगडांनी ठेचून मारलं. तेंडुलकरांच्या नाटकामुळे हे नाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण इतिहास म्हणून मला त्यातली दुसरीच गोष्ट बोचते. चौदा वर्षं त्याच्याविरुद्ध कुठे तक्रार करायची याची नीट वाटच नव्हती. कोतवाल वरच्याला जबाबदार होता, खालच्याला नव्हता. वरचा खूश असेल तोवर तो सुरक्षित, आणि खालच्यांकडे शेवटचा उपाय म्हणून दगड.

लंडनचा साचा आणि डब्लिनचा साचा

आता थोडं बाहेर जाऊ, कारण आपला आजचा पोलीस तिथून आला आहे.

१८२९ मध्ये रॉबर्ट पील यांनी लंडनमध्ये नवं पोलीस दल उभं केलं. सामान्य लंडनकर या कल्पनेला बिचकत होता. सरकार आपल्यावर फौज बसवतंय असं त्याला वाटे. म्हणून या शिपायांना सैन्याच्या लाल अंगरख्याऐवजी निळा गणवेश दिला, बंदुका दिल्या नाहीत आणि पायी गस्त घालायला लावलं. पीलच्या नावावरून लोक त्यांना 'बॉबी' म्हणू लागले.

पण याच पील साहेबांनी त्याआधी, १८१४ मध्ये, आयर्लंडमध्ये एक वेगळंच दल उभं केलं होतं. आयर्लंड म्हणजे इंग्रजांच्या टाचेखालचा देश. तिथे पुढे जी आयरिश कॉन्स्टॅब्युलरी तयार झाली, ती हत्यारबंद होती, बराकीत राहणारी होती आणि तिचे हुकूम थेट डब्लिनच्या सरकारातून येत. लंडनच्या पोलिसाला आपल्याच नागरिकांत वावरायचं होतं. आयर्लंडच्या पोलिसाला रयत ताब्यात ठेवायची होती.

हिंदुस्थानात यातला कुठला साचा आला, हे सांगायला नकोच. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरनं तिथे आयरिश धर्तीवर पोलीस उभे केले. मुंबई इलाख्यानं काही वर्षांत तो कित्ता गिरवला. मग १८५७ झालं. आमच्या इंदुरातही १ जुलैला सादत खान आणि साथीदारांनी रेसिडेन्सीवर हल्ला केला. इंग्रज हादरले होते. पुन्हा असं होऊ नये म्हणून १८६० मध्ये पोलीस आयोग नेमला गेला आणि १८६१ चा पोलीस कायदा आला.

तो कायदा मी काढून वाचला. त्याच्या तेविसाव्या कलमात पोलिसाची कर्तव्यं दिली आहेत आणि त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिलं कर्तव्य, वरून आलेला कायदेशीर हुकूम तत्परतेनं पाळणं. दुसरं, सार्वजनिक शांततेविषयी खबरा गोळा करून वर कळवणं. गुन्हे होऊ न देणं तिसऱ्या जागी आणि गुन्हेगार शोधणं त्याच्याही नंतर. गाऱ्हाणं घेऊन आलेल्या माणसाचं ऐकून घ्यावं, असं त्या यादीत कुठेच नाही.

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख पडलं. आम्ही म्हणतो पोलीस यंत्रणा बिघडली आहे. ती बिघडलेली नाही. ज्या कामासाठी लिहिली होती, ते काम ती अजून चोख करते आहे. आपण तिच्याकडून दुसरंच काम मागतो आहोत.

हे फक्त आपलं म्हणणं नाही. खुद्द इंग्रज सरकारनं १९०२ मध्ये अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, त्यानंही पोलीस अकार्यक्षम, भ्रष्ट आणि जुलमी असल्याचा निष्कर्ष काढला. तरी कायद्याचा सांगाडा तोच राहिला.

जन्मानेच संशयित

माझी ताई न्यू जर्सीत असते. फोनवर तिला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "इथे ९११ फिरवला की पाच मिनिटांत गाडी दारात." मी म्हटलं, खरंच सगळ्यांसाठी? ती जरा थांबली. मग म्हणाली, "सगळ्यांसाठी नाही. आमच्या गल्लीत कुणी पोलिसाला घाबरत नाही. काही गल्ल्यांत आया मुलांना शिकवतात, पोलिसानं थांबवलं तर हात वर दिसतील असे ठेवायचे."

अमेरिकेच्या पोलिसाच्या इतिहासातही दोन धागे आहेत. उत्तरेकडच्या शहरांत आधी रात्रीचे पहारेकरी होते. मग १८३८ मध्ये बॉस्टननं आणि १८४५ मध्ये न्यूयॉर्कनं पगारी पोलीस ठेवले, बरेचसे लंडनकडे पाहून. दक्षिणेत मात्र त्याच्या कितीतरी आधी, १७०४ मध्ये, कॅरोलायनात गुलामांवर नजर ठेवणाऱ्या टोळ्या सरकारी हुकमानं सुरू झाल्या होत्या. पळालेले गुलाम पकडणं, त्यांच्या झोपड्यांची झडती घेणं, परवाना नसलेल्याला फटके मारणं हे त्यांचं काम. गुलामी गेली, पण रंगावरून संशय घ्यायची सवय गेली नाही. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा टेकला, तेव्हा तिथल्या लोकांनी हाच जुना इतिहास पुन्हा उघडला.

आपण हे ऐकून हळहळतो. पण आपलं पान काही कोरं नाही. ज्या रामोशांकडे पिढ्यान्‌पिढ्या किल्ल्यांची आणि गावांची राखण होती, त्यांचे हक्क इंग्रजी अमलात गेले. पुरंदरची राखण करणाऱ्या घरातला उमाजी नाईक बंडखोर झाला आणि १८३२ मध्ये पुण्यात फासावर गेला. पुढे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. काही जातीजमातींत जन्मलेला प्रत्येक माणूस जन्मजातच गुन्हेगार, त्यानं ठाण्यात हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. १९११ च्या सुधारणेनंतर हा कायदा देशभर लागू करता येऊ लागला. सोलापुरातली 'सेटलमेंट' ही त्याचीच खूण. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' ज्यांनी वाचलं असेल, त्यांना यावर अधिक सांगायची गरज नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या. पण आमच्या गल्लीत चोरी झाली की पहिला संशय पालं ठोकून राहिलेल्यांवर जातो. पोलिसाच्या आधी तो आपणच घेतो. त्या रात्री आईनं मोटरसायकलवरच्या मुलांचे चेहरे पाहिले नव्हते, तरी लग्नघरातल्या दोघा-तिघांनी मला एका वस्तीचं नाव सुचवलं होतं.

एका शहरात दोन पोलीस

आता पुन्हा कृष्णपुऱ्यात. आमच्या घरापासून चालत गेलं की खान नदीकाठी छत्र्या आहेत, महाराणी कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या. पलीकडे राजवाडा. आजोबांची तरुणपणीची गस्त याच भागात असे. हातात कंदील आणि काठी. थंडीत ते छत्रीच्या ओट्यावर क्षणभर टेकत, असं सांगायचे.

१८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली आणि तहाबरोबर इंग्रज रेसिडेंटही आला. त्यामुळे शहरात होळकरांचा अंमल आणि रेसिडेन्सीच्या आवारात इंग्रजांचा, अशी वाटणी झाली. एकाच शहरात दोन पोलीस. आजोबा हसून सांगत, "चोराला आमच्यापेक्षा हद्द जास्त पाठ असायची. एकदा का तो रेसिडेन्सीच्या बाजूला गेला, की आम्ही शिटी वाजवत उभे."

त्या काळात पोलीस कुणाचा, याचं उत्तर इंदूरला एका खटल्यानं सगळ्या जगासमोर द्यावं लागलं. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्याबरोबर मोटारीत मुमताज बेगम होती, इंदूरच्या दरबारातून निघून गेलेली. तिला पळवून नेण्याचा तो प्रयत्न होता. योगायोगानं गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी तिथे पोचले आणि एकानं चक्क गोल्फच्या काठीनं हल्लेखोरांना झोडपलं. पकडलेल्यांचे धागे इंदूर संस्थानच्या सेवेतल्या माणसांपर्यंत गेले. मुंबई पोलिसांनी तपास सोडला नाही. मुंबई हायकोर्टात खटला चालला, तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. महाराज तिसरे तुकोजीराव यांच्यापुढे दोनच मार्ग ठेवले गेले, चौकशी आयोगाला सामोरं जा किंवा गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली.

हे प्रकरण आमच्या घरात कुजबुजीनंच बोललं जाई. आजोबांचा जन्म त्याच सुमाराचा. राजाचं मीठ खाल्लेल्या पिढीला ते बोलणं जड जायचं. पण मला त्यात एक गोष्ट मोलाची वाटते. आरोपींमागे कोण उभं आहे याचा विचार न करता तपास पुढे गेला, तेव्हा गादीसुद्धा हलली. आणि एक कडू गोष्टही. मुंबईचे पोलीस इंदूरच्या दरबाराचे मिंधे नव्हते म्हणून हे जमलं. खून इंदुरात झाला असता तर?

तीन बिल्ले

आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात तीन बिल्ले आहेत. एक होळकर संस्थानचा, दुसरा २८ मे १९४८ ला संस्थानं एकत्र होऊन झालेल्या मध्यभारताचा आणि तिसरा १ नोव्हेंबर १९५६ नंतरच्या मध्यप्रदेशचा. ते म्हणायचे, "बिल्ले तीन झाले, दांडा मात्र तोच राहिला."

त्या डब्याबरोबर एक गोष्टही आहे. ती बाबांनी मला त्या रात्रीनंतर आठवड्याभरानं सांगितली. आजोबा एका ठाण्यात मुन्शीच्या मदतीला बसत, तेव्हा एक बाई आली. तिच्या घरची तांब्यापितळेची भांडी चोरीला गेली होती, मुलीच्या लग्नासाठी जमवलेली. वरिष्ठांनी खूण केली, लिहू नको. महिनाअखेर होती आणि चोऱ्यांचा आकडा वाढला की वरून विचारणा होई. न लिहिलेली चोरी म्हणजे न झालेली चोरी. ती बाई तीन दिवस येऊन बाहेर बसली, चौथ्या दिवशी आली नाही. "तुझ्या आजोबांना ती बाई शेवटपर्यंत आठवायची," बाबा म्हणाले. "म्हणून म्हटलं, तुझ्या आईला तिथे बाहेर बसवायचं नाही."

इतके दिवस मला वाटत होतं बाबा घाबरले. ते घाबरले नव्हते. त्यांना आतली गोष्ट माहीत होती.

आकडा कमी दिसावा म्हणून गुन्हा न लिहिणं, ही खोड कुणा एका ठाण्याची किंवा एका माणसाची नाही. वरच्याला खूश ठेवण्यासाठी बांधलेल्या यंत्रणेत ती आपोआप उगवते. ती मोडायचे प्रयत्नही झाले आहेत. १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानं १९८१ पर्यंत आठ अहवाल दिले. ते धूळ खात पडले. १९९६ मध्ये निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह सुप्रीम कोर्टात गेले. २२ सप्टेंबर २००६ ला कोर्टानं सात निर्देश दिले. त्यात अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांची मुदत, तपास आणि बंदोबस्त यांची फारकत, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण अशा गोष्टी होत्या. राज्यांनी त्यातल्या बऱ्याच कागदावर मानल्या आणि व्यवहारात पातळ केल्या. १२ नोव्हेंबर २०१३ ला ललिता कुमारी खटल्यात घटनापीठानं सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. डिसेंबर २०२१ मध्ये इंदूर आणि भोपाळला पोलीस आयुक्तालय आलं. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. पण आमच्या मध्यप्रदेशात पोलिसांचा मूळ कायदा अजून १८६१ चाच आहे.

या सगळ्यात एक बातमी मात्र मनाला उभारी देणारी सापडली, आणि तीही आपल्याच राज्यातली. मध्यप्रदेशातल्या १८० ठाण्यांत अभ्यासकांनी आणि पोलिसांनी मिळून एक प्रयोग केला. काही ठाण्यांत महिलांसाठी वेगळा मदत कक्ष, बसायला जागा, प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी. काही ठाणी तशीच ठेवली. मदत कक्ष असलेल्या ठाण्यांत बायकांच्या तक्रारी जास्त नोंदल्या गेल्या, आणि त्या कक्षात महिला अधिकारी असेल तिथे फरक अधिक ठळक होता. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. राज्यानं आता 'ऊर्जा' नावानं असे कक्ष शेकडो ठाण्यांत उघडले आहेत. कायदा तोच, माणसं तीच, पण ऐकून घेणं हे कुणाचं तरी नेमून दिलेलं काम झालं, तेवढ्यानं फरक पडला.

पुन्हा ठाण्यात

हे वाचून झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मी दोन गोष्टी करून गेलो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे लेखी तक्रार तयार केली आणि तिची एक प्रत रजिस्टर पोस्टानं पोलीस उपायुक्तांना पाठवली. त्या कलमात स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ठाणं नोंद करतं आणि जिथली हद्द असेल तिथे पाठवतं. वाचताना मला शिवेवर माग हवाली करणारा तो राखणदार आठवला. दोनशे वर्षांनी आपण फिरून तिथेच आलो.

बाबा या वेळी स्वतःहून कपडे बदलून तयार होते.

ठाण्याच्या दारातच महिला कक्ष होता. टेबलामागे तिशीतली एक हवालदार बाई बसली होती. तिनं आईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मांजी, आपको लगी तो नहीं थी?" इतक्या दिवसांत हे पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. आई तेव्हा रडली. मग सगळं सांगितलं, न अडखळता. एफआयआर लिहिला गेला, भारतीय न्याय संहितेच्या ३०४ व्या कलमाखाली. हिसकावून नेणं हा आता वेगळा गुन्हा आहे. प्रत मोफत मिळाली, तीही न मागता.

तुमच्यावर अशी वेळ येऊ नये. आली तर चार गोष्टी लक्षात ठेवा. हद्दीच्या कारणानं कुणी परत पाठवत असेल तर झिरो एफआयआरचा आग्रह धरा. 'हरवलं' असं लिहून देऊ नका, 'हिसकावलं' असेल तर तसंच लिहा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. आणि ठाण्यानं नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असेल तिथे उपायुक्तांना, लेखी तक्रार पोस्टानं पाठवा.

मंगळसूत्र अजून सापडलेलं नाही. आई साधी काळी पोत घालते. नवीन करू म्हटलं तर म्हणते, थांब, तपास चालू आहे ना. एफआयआरची प्रत बाबांनी आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात, तिन्ही बिल्ल्यांखाली ठेवली आहे.

जाता जाता एक विनंती. आपल्या मंडळाच्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी संस्थानी पोलिसात, फौजेत, चावडीवर नोकरीला होतं. इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर, बडोदा, कुठेही. त्यांच्या गोष्टी घरातल्या मोठ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. अभिमानाच्या गोष्टी तर ठेवाच, पण त्या तीन दिवस बाहेर बसलेल्या बाईसारख्याही. आमच्या घरी ती गोष्ट लिहून ठेवायला सत्तर वर्षं लागली.